अकरा हात लाकूड

मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झालो म्हणून मामांनी भंडाऱ्याहून मला घड्याळ आणून दिलं होतं. पांढऱ्या डायलचं, चामड्याच्या पट्ट्याचं, आणि दिवसाला दीड मिनिट मागे पडणारं. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या लागल्या की मी ते जुळवून घेत असे. आम्हा चौघांत घड्याळ फक्त माझ्या हाताला होतं, त्यामुळे वेळ मोजण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी चोख केलं. खाली जे आकडे येतील ते मोजलेले आहेत. जिथे अंदाज आहे तिथे अंदाज म्हणून लिहीन.

आमचं गाव अड्याळ आणि कोंढा यांच्या मधल्या पट्ट्यातलं. एक तलाव, तलावाखाली धानाची बांधी, आणि गावाच्या पूर्वेला आखर, म्हणजे सकाळी गुरं गोळा व्हायची मोकळी जागा. ही गोष्ट सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची. आम्ही चौघे तेव्हा वीस ते बावीस वर्षांचे होतो. एक धानाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, त्याच्या घरी मोटारसायकल होती. दुसरा शाळामास्तरांचा, बारावीला दोनदा बसलेला आणि दोनदा आपटलेला. तिसरा आमचा शेजारी, आईबापाला एकुलता. चौथा मी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी आलेला. गणितात नव्हे, रसायनशास्त्रात. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे, जसं काही त्याने फरक पडणार होता.

रोवणीचे वीस दिवस आणि कापणी-मळणीचे महिना-सव्वा महिना सोडले तर आम्हाला काम नव्हतं. काम नव्हतं याचा अर्थ कुणी देत नव्हतं असाही नाही. बाबा रोज सकाळी काहीतरी सांगायचे, मी हो म्हणायचो आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसायचो. दहाच्या सुमाराला मोहाची पहिली बाटली उघडायची. पाळीवरून जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून लवकर लवकर निघून जायच्या. म्हातारे विचारायचे, "काय करून राहिले रे?" आणि आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचा, "तुमची वाट पाहून राहिलो, बुढा. चार खांदे तयार हायत."

यावर आम्ही हसायचो. सुरुवातीला.

आमचे पराक्रम सांगतो. अड्याळपासून कोंढ्यापर्यंत मोटारसायकलवर तिघे बसून, पुढच्याने दोन्ही हात सोडून: अकरा मिनिटं. मास्तरांच्या मुलाने एका बैठकीला एकतीस हिरव्या मिरच्या खाल्ल्या. वेळ सतरा मिनिटं, आणि पुढचे दोन दिवस तो पोट धरून पडून होता. शेजाऱ्याने श्वास धरून तलावात बुडी मारली: एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद, वर आला तेव्हा नाकातून रक्त. कोंडवाड्याचं दार उघडून एकोणीस गुरं भर दुपारी लोकांच्या उभ्या धानात सोडली. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तिथे नाटकवाले येतात. एका मंडईत दुपारी आम्ही नाटकवाल्यांच्या राहुटीचे दोर कापले. राहुटी खाली बसली. आत तीन बायका स्वयंपाक करत होत्या, एकीचा हात कोपरापर्यंत पोळला. तिचं ओरडणं ऐकून आम्ही पळालो, आणि पळता पळता हसत होतो.

याशिवाय दोन गोष्टी आहेत. त्या इथे लिहीत नाही. दुसऱ्या माणसांची अब्रू त्यात आहे.

या सगळ्यात मी एक वेगळी मोजणी चालवली होती, ती बाकीच्या तिघांना माहीत नव्हती. हसू किती वेळ टिकतं, हे मी पाहत असे. मोठ्याने हसणं नव्हे, त्याच्या खाली जे असतं ते. छातीत काहीतरी उघडल्यासारखं वाटतं, ते. मोटारसायकलच्या वेळी ते घरी येऊन जेवायला बसेपर्यंत होतं, म्हणजे दोन तास धरा. मिरच्यांच्या वेळी वीस मिनिटं. राहुटीच्या वेळी आम्ही मंडईच्या गर्दीतून बाहेर रस्त्याला लागलो तेव्हाच ते संपलं होतं. सहा-सात मिनिटं. दारूचंही तसंच होतं, आधी एका पेल्यात जे व्हायचं ते आता चारांत होत नव्हतं. आकडे सरळ उतरत चालले होते. गणितात पास असल्यामुळे ती रेषा शून्यावर कुठे येणार हे मला दिसत होतं. उपाय मला एकच सुचला, की पुढचं काहीतरी आधीच्यापेक्षा मोठं हवं.

मग होळी आली.

आमच्या गावची होळीची रीत सांगायला हवी. इतर गावांत ती अशीच असेल असं नाही. होळीच्या आधीचे आठ दिवस गावातल्या पोरांना लाकूड चोरायची मोकळीक असते. कुंपणाच्या काड्या, मोडकी बाज, जुनी दारं, काहीही. मात्र लाकूड तेवढंच न्यायचं. लोखंड, दोर, कापड, भांडं याला हात लावायचा नाही. आणि होळी रचतात त्या आखरावर येऊन पडलेलं लाकूड होळीचं झालं. मालकाला ते परत हवं असेल तर होळीची पूजा व्हायच्या आत त्याने नारळ घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, कुणी आणलं? ज्याने आणलं त्याने "मी" म्हणायचं. मग नारळ होळीला आणि लाकूड मालकाला. कुणीच "मी" म्हणालं नाही, तर ते होळीनेच आणलं असं धरायचं आणि मालकाने घरी जायचं. माझ्या आठवणीत "मी" म्हणायला कुणी चुकलं नव्हतं. त्यात गंमत होती. दार गेलेला म्हातारा दहा शिव्या द्यायचा, पोरगा पुढे येऊन कान धरायचा, लोक हसायचे.

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघे पाळीवर बसलो होतो. या सालचं काय, यावर बोलणं चाललं होतं.

"पाटलाची बंडी टाकू," गिरणीवाल्याचा म्हणाला. बंडी म्हणजे बैलगाडी.

"बंडी गेल्या सालीबी टाकली," शेजारी म्हणाला. "शिळं झालं थे."

"मंग का तुझं डोस्कं टाकू?"

"टाका टाका," मास्तरांचा मुलगा म्हणाला. "याच्या डोस्क्यात सारं लाकूडच हाय. ढण्ढण् पेटल."

मी म्हटलं, "डोंगा."

गिरणीवाल्याच्या मुलाने बाटली खाली ठेवली. "बुढ्याचा?"

"गावात डोंगे किती हायत?" मी विचारलं.

एकच होता, अखंड खोडाची होडी. तलावाच्या दक्षिण टोकाला करंजीच्या झाडाखाली तो उपडा घातलेला होता, दोन्ही टोकांना दोन-दोन विटा लावून. मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराचा. त्याला सगळं गाव बुढाच म्हणत असे. त्याच्या बापाच्या वेळी वादळात एक मोठा मोह उन्मळून पडला होता. मोहाचं झाड आमच्याकडे कुणी तोडत नाही, फुलं आणि टोळी, म्हणजे फळं, देणारं झाड ते. आपसूक पडलं म्हणून त्याचं खोड मिळालं, आणि त्याच्या बापाने ते कोरून डोंगा केला. पावसाळ्यात त्यातून मासे धरायचे आणि दिवाळीपासून शिंगाडे काढायचे. फाल्गुनात पाणी उतरलं की डोंगा वर काढून वाळवायचा आणि डांबर फासायचं. मी सात-आठ वर्षांचा असताना बुढ्याने मला चार-पाच वेळा त्यात बसवून नेलं होतं. तो वेलीतून शिंगाडे ओढायचा, मी टोपल्या मोजायचो. "मास्तर, किती झाल्या?" तो मला विचारायचा. "पाच." "मंग परत मोज, मले सहा दिसते." मी परत मोजायचो. पाचच असायच्या. तो हसायचा.

हे सगळं मला त्या सकाळी माहीत होतं. नशेत विसरलो असं नाही. आणि नशा फारशी नव्हतीही, चौघांत मिळून दीड बाटली.

त्या दिवशी अड्याळचा बाजार होता. बुढा सकाळीच मासळीची पाटी घेऊन गेला होता आणि पाच-साडेपाचच्या आत येणार नव्हता. दुपारी एक वाजता गिरणीवाल्याची बंडी घेऊन आम्ही करंजीखाली गेलो. गाव उन्हाने आडवं झालेलं होतं. मी हाताने डोंगा मोजला. अकरा हात, वर चार बोटं. तो बंडीवर चढवायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. खाली दोन ओंडके घालून आधी सरकवला, मग एक टोक उचललं, मग दुसरं.

डोंगा होता तिथे बुढ्याचं जाळं पडलेलं होतं, बाजूला पाणी उपसायचा डबा आणि बांबू. बाकीचे तिघे बैलांना वळवत होते. मी जाळं उचललं. लाकूड तेवढंच न्यायचं, ही रीत. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात. त्या सगळ्या एका अंगाला घेऊन, जाळं लांबीत सारखं करत आणायचं आणि मग हातभर हातभर घडी घालायची, म्हणजे गुंता होत नाही. हे मी डोंग्यात बसून पाहिलेलं होतं. तशी घडी घातली. खाली ठेवलं तर उंदीर कुरतडतील म्हणून करंजीच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्या वर, नीट अडकवून ठेवलं. डबा उपडा घातला. बांबू खोडाला टेकवला.

"अबे, इस्त्रीबी कर ना त्याले," गिरणीवाल्याचा ओरडला.

"चाल, चाल," मी म्हटलं.

आखरावर डोंगा उतरवून लाकडांच्या ढिगावर टेकवला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर काड्या आणि तुऱ्हाट्या रचल्या, पण त्यांनी डोंगा झाकला गेला नाही. त्याची एक बाजू बाहेर राहिली. तिथून आम्ही पळालो नाही. सावलीत बसून राहिलो. मी छातीत काही उघडतं का ते पाहत होतो. थोडं उघडलं. पाच मिनिटांत ते गेलं. मला वाटलं, अजून खरी गोष्ट झालेली नाही, बुढा आल्यावर होईल.

बुढा पावणेसहाला आला. आधी करंजीकडे गेला असावा, कारण तो आखराकडे आला तो तलावाच्या बाजूने, भरभर, रिकामी पाटी अजून डोक्यावर. ढिगापाशी येऊन थांबला. डोंग्याच्या बाहेर राहिलेल्या बाजूला हात लावला. मग वळला आणि दुकानाकडे गेला. परत आला तेव्हा हातात नारळ होता आणि पाटी नव्हती. घड्याळात पाच वाजून बावन्न मिनिटं.

आखरावर तोवर बरीच माणसं जमली होती. माझे बाबाही होते. होळी पेटवण्याचा मान पोलीस पाटलांचा, ते खुर्ची टाकून बसले होते.

"कोनी आनला, बाबू हो?" बुढ्याने विचारलं. आवाज चढवला नव्हता. रीत होती, ती तो पाळत होता. त्यालाही वाटत होतं की कुणीतरी कान धरून पुढे येईल.

कुणी आलं नाही.

"बुढा, होळीनंच बलावला असल त्याले," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. बुढाही थोडा हसला.

"होळीच्या पोटात मावत नाई थो," तो म्हणाला. "सांगा ना. राग नाई माझा. नारळ आनला, पाहा."

त्याने नारळ वर करून दाखवला.

पोलीस पाटील खुर्चीवरून म्हणाले, "पोट्टे हो, ज्यानं आणला त्यानं बोलावं. मस्करी झाली. बुढ्याचं पोट हाय त्याच्यावर."

गिरणीवाल्याच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग शेजाऱ्याने. मास्तरांचा मुलगा जमिनीकडे पाहत होता. डोंगा मी सुचवला होता, म्हणून "मी" म्हणायचं ते मी, असं त्यांनी धरलं होतं. त्यात त्यांचं चुकलं नाही.

मी "मी" म्हटलं असतं तर काय झालं असतं, याची बेरीज मी नंतर अनेकदा केली आहे. बुढ्याच्या चार शिव्या. बाबांची एक थोबाडीत, कदाचित दोन. दुसऱ्या दिवशी धुळवडीला थोडी चेष्टा. बस. मला भीती वाटत नव्हती. हे लिहिणं सोपं नाही, पण खरं तेच आहे. भीती असती तर आज मी स्वतःला काहीतरी म्हणू शकलो असतो. मी फक्त वाट पाहत होतो. आणखी थोडं थांबलं तर आत काहीतरी होईल, हसू किंवा रडू किंवा लाज, काहीही, असं मला वाटत होतं. ते झालं की मग "मी" म्हणावं.

बुढ्याने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सहा एकोणतीस. तिसऱ्यांदा त्याने "बाबू हो" म्हटलं नाही. नुसतं म्हणाला, "कोनी?" आणि एकेक चेहरा पाहत गेला. माझ्यापाशी आला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं.

सहा पस्तीसला बाया पूजेचं ताट घेऊन आल्या. हळद-कुंकू पडलं. पोलीस पाटील उठले, बुढ्याकडे बघून त्यांनी हात हलवला, म्हणजे आता काही करता येत नाही. रीत त्यांच्याही हातची नव्हती.

सहा पन्नासला होळी पेटवली. डोंग्यावर वर्षानुवर्षांच्या डांबराचे थर होते. आधी ते पेटले, धूर काळा आणि जाड निघाला, आणि डांबर तडतडून उडायला लागलं. पुढे उभ्या असलेल्या आम्हा पोरांना बुढ्याने हाताने मागे लोटलं. "सरका रे मांगं, डांबर उडते. डोळ्यात जाईल."

मग त्याने नारळ दगडावर फोडला. होळीला दिला, जसा सगळे देतात तसा. उरलेल्याचे तुकडे करून त्याने सगळ्यांना वाटले. माझ्या तळहातावरही एक तुकडा आला. मी खाल्ला. गोड होता.

डोंगा पूर्ण जळायला एक तास पन्नास मिनिटं लागली. आधी दोन्ही टोकं गेली, मग मधलं. मी शेवटपर्यंत थांबलो. आत काहीही झालं नाही. राहुटीच्या वेळी निदान सहा-सात मिनिटं होती. होळीपुढे काटा हललाच नाही. त्या संध्याकाळी मला माझ्याविषयी जे कळलं ते एवढंच, आणि त्यात नंतर काही भर पडलेली नाही.

घरी बाबांनी विचारलं, "तुले माहीत होतं, कोनी टाकला थे?"

"नाई."

"मंग घड्याळ कायले पाहून राहिला होतास घडीघडी?"

मी घड्याळ हातातून काढून ठेवलं. बाबा पुन्हा बोलले नाहीत. त्या विषयावरच नव्हे, पुढे कित्येक दिवस माझ्याशी काही बोलले नाहीत. सकाळी काम सांगणंही बंद झालं.

त्या दिवाळीला बुढ्याने दोन मोठी मडकी उलटी करून बांबूला बांधली आणि त्यांच्या आधाराने तो शिंगाडे काढायला पाण्यात उतरला. डोंगा असताना दिवसाला सात टोपल्या निघत. आता तीन. मी पाळीवरून मोजल्या. छातीपर्यंत पाण्यात, सकाळच्या थंडीत, वयाची साठ वर्षं झालेली (हा अंदाज). नवा डोंगा करायला तेवढं खोड कुठे मिळालं नाही. एक मडकं फुटलं तेव्हा त्याने हंगाम मध्येच सोडला. पुढच्या उन्हाळ्यात तो सिहोऱ्याकडे मुलीच्या गावी राहायला गेला. घर मातीचं होतं, दोन पावसाळ्यांत बसलं.

आमची चौकडी आपोआप सुटली. भांडण झालं नाही. पाळीवर यायचं आधी कुणी बंद केलं हे मला सांगता येणार नाही. गिरणीवाल्याचा मुलगा पुढे पस्तिशीच्या आतच दारूने गेला. मास्तरांचा मुलगा मास्तर झाला. शेजारी शेती करतो, भेटला की पावसापाण्याचं बोलतो. मी दारू सोडली. पश्चात्तापाने सोडली असं घरच्यांना वाटतं. तिचा उपयोग होत नव्हता म्हणून सोडली. राहिलेला विषय देऊन पास झालो आणि पाटबंधारे खात्यात लागलो. तलावांची पाण्याची पातळी मोजून नोंदवायची, असं काम. लग्न झालं, संसार झाला. माझ्या कामात आजवर चूक निघालेली नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला मला सिहोऱ्याकडचे तलाव दिले. एका दुपारी पातळी लिहून घेऊन मी बसची वाट पाहत एका गावच्या पाळीवर आलो, तर बुढा झाडाखाली बसून जाळं विणत होता. खूप वाळला होता. एका डोळ्यात सारा पडून तो पांढरा झाला होता. मी नमस्कार केला, गावाचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं.

"मास्तर का?" तो म्हणाला. "टोपल्या मोजनारा?"

"होय."

"आता काय मोजून राहिला?"

"पाणी."

"पानी मोजते का कोनी?" तो हसला. दात राहिले नव्हते. "बस. बस यायची हाय अजून."

मी बसलो. बाबा गेल्याचं त्याला सांगितलं. त्याने धानाचं, तलावाचं विचारलं. शिंगाडे आता कोण काढतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग मी विचारलं. का विचारलं ते मला ठाऊक नाही. सात-आठ वर्षांनी एक संधी आपणहून समोर बसली होती आणि मी ती उलट्या बाजूने धरली. म्हणालो, "बुढा, तुमचा डोंगा कोणी टाकला होता, कळलं का कधी?"

त्याने सुई थांबवली नाही. "सारे म्हनत, पोट्ट्यायनं दारूच्या नशेत टाकला. मी म्हनो, नाई. नशेतला मानूस जाळ्याची घडी घालत नाई. शिसं एका अंगाले घेऊन, जशी मी घालतो तशी घडी. नशेत राहिला असता तर मले काई वाटलं नसतं. पाऊस लागला, वारा लागला, तशी नशा लागली." दोन गाठी मारून झाल्यावर तो म्हणाला, "मले येवढंच समजत नाई. ज्याले डोंगा जाळाचा, त्यानं जाळं कायले जपावं?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला मी उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

"खाली राहिलं असतं तर उंदरांनी कुरतडलं असतं," मी म्हणालो.

म्हटल्यावर दोन-तीन सेकंदांनी माझ्या लक्षात आलं. जाळं झाडावर ठेवलेलं होतं हे त्याने सांगितलंच नव्हतं.

बुढ्याची सुई थांबली. चांगला डोळा त्याने माझ्याकडे वळवला. रागावला नाही, ओरडला नाही. मी तो डोळा पुढे पुष्कळदा आठवून पाहिला आहे, त्यात मला काही शोधता आलं नाही.

"हं," तो म्हणाला. मग जाळ्याचं सुटलेलं टोक माझ्याकडे केलं. "धर इकडून. तान दे."

मी टोक धरलं आणि ताण दिला. तो गाठी मारत गेला. मी मोजल्या नाहीत, पण शंभराच्या आसपास असाव्यात. "म्या आणला होता, बुढा," मी शेवटी म्हणालो. तो शब्द बोलायला मला एवढा वेळ लागला. त्याने मान हलवली, कुणी पातळी किती हे सांगितल्यावर हलवावी तशी.

"त्या टाइमाले बोलला असता, त नारळात काम झालं असतं," तो म्हणाला.

बसचा हॉर्न वाजला. मी उठलो. त्याने टोक माझ्या हातून घेतलं, पायाच्या अंगठ्यात अडकवलं, ताण बसवला आणि पुढची गाठ घातली. मी असण्याने किंवा नसण्याने त्या जाळ्याचं काही अडत नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. छातीत काहीतरी उघडल्यासारखं वाटत होतं, कित्येक वर्षांनी. मी घड्याळ पाहिलं, सवयीने. तेच घड्याळ, आता दिवसाला चार मिनिटं मागे पडणारं. तिथून तुमसरपर्यंत बसला चाळीस मिनिटं लागतात. ते वाटणं तुमसर यायच्या आत संपलं.